मुठ्यांचं तात्पुरतं घर

राजुऱ्यात समुद्र आहे, हे अर्ध्या गावाला माहीतच नाही. आणि उरलेल्या अर्ध्याला तो कुणाच्या घरी आहे तेही माहीत आहे. विहाराच्या मागच्या गल्लीत कूलरचे पत्रे, वाळ्याच्या ताट्या आणि पोट उघडून ठेवलेल्या मोटारी यांच्यातून वाट काढत गेलं की संघप्रियाचं दुकान लागतं. दुकान म्हणजे घराचीच बाहेरची खोली. तिथून आत वाकून पाहिलं, तर मधल्या खोलीच्या भिंतीवर निळा उजेड डुलताना दिसतो. काचेच्या टाकीत, त्या उजेडात, शेकडो इवलेइवले हात मुठी उघडत असतात, मिटत असतात. घाई नाही, थांबणं नाही. झोपेतलं माणूस श्वास घेतं तसं.

हे हात म्हणजे प्रवाळ. मऊ जातीचे. दगडासारखे कडक प्रवाळ पाळायला कायद्यानं बंदी आहे आणि ते संघप्रियानं कधी दारात येऊ दिले नाहीत. हे टाकीतच कापून वाढवलेले. तरी मागे एक वनरक्षक चौकशीला आला होताच. टाकीसमोर उकिडवा बसला, चहा प्याला, पुन्हा बसला. जाताना म्हणाला, "बाई, समुद्र काई माह्या बीटात येत नाई. पन आठ दिवसांनी अजून येऊन पाहू का?"

प्रवाळ म्हणजे पोवळं, एवढंच लोकांना ठाऊक. त्यामुळे मंगळाची अंगठी करायची म्हणून पोवळं मागायलाही एकजण येऊन गेला. "मंगळ-बिंगळ माह्या दुकानात भेटत नाई," संघप्रिया म्हणाली. "कूलरची मोटार जळली असन तं सांग."

ती अशीच. जीभ तासलेली. वय छत्तीसच्या पुढे, अंगानं काटक्यांची मोळी, डोळ्यांच्या पांढऱ्यात कायमची पिवळी झाक. कूलरचं काम बापाकडून शिकली. बाप गेल्यावर लोक म्हणाले, पोरगी काय मोटारी बांधणार? त्याच लोकांचे कूलर आता मे महिन्यात तिच्या दारात रांगेनं उभे असतात. लग्न नाही. दोन स्थळं आली, आजाराचं नाव ऐकून परत गेली. तिसरं परत जाईना, तर त्याला तिनंच हाकललं.

आजार सिकलसेलचा. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग हाडांच्या आतून अशी कळ निघते की माणसाला स्वतःचं नाव आठवू नये. आपल्याकडे जंगलातल्या पाड्यांपासून शहरातल्या वस्त्यांपर्यंत घराघरात हा आजार आहे. संघप्रिया लहानपणापासून गडचिरोलीच्या एका दवाखान्यात रक्त घ्यायला जाते. तिथली खोली, तिथले पलंग, आणि पलंगावरून समोर दिसणारी भिंत. त्या भिंतीवरच्या पोपड्यांचे आकार तिला पाठ होते.

समुद्र तिला भेटला तो खाणीच्या कॉलनीतल्या एका साहेबाच्या बंगल्यात. खोली थंड राहत नाही म्हणून बोलावलं होतं. शिडीवर चढली आणि कळ आली. खाली उतरून ती जमिनीवरच बसली, आणि समोर ही टाकी. साहेब घाबरून पाणी आणायला धावला. संघप्रिया त्या हातांकडे पाहत राहिली. हात उघडले की तिनं श्वास घ्यावा, मिटले की सोडावा. कळ गेली नाही. कळ अशी जात नसते. पण दोन श्वासांच्या मधे कुठेतरी उभं राहायला जागा मिळाली. साहेबाची बदली झाली तेव्हा टाकी त्यानं तिलाच देऊन टाकली, आणि मीठ कसं कालवायचं, पाणी कसं राखायचं हे फोनवरून शिकवत राहिला.

आईनं, बायनाबाईनं, त्या हातांना पहिल्याच दिवशी नाव ठेवलं: मुठ्या. छत्रीसारख्या चपट्या प्रवाळांना टेकोडे, कारण पावसात रानात उगवणारी अळंबी, म्हणजे टेकोडे, अशीच दिसतात. आणि चकचकीत गोल होते ती बटनं. इंग्रजी नावं घराच्या उंबऱ्यावरच थांबली.

टेकोडे आणि बटनं गरीब स्वभावाची. मुठ्या मात्र पसरल्या. दगडावरून दगडावर, दगडावरून काचेवर. या वर्षी मार्चपर्यंत त्यांनी निम्मी टाकी व्यापली, आणि खालच्या बटनांना उजेड मिळेना. साहेब फोनवर म्हणाला, "जास्तीचं काढून फेकून द्या. सगळे तेच करतात."

"फेकून द्या म्हनते!" फोन ठेवून संघप्रिया आईला म्हणाली. "जितं हाय ते! कूलरचं जुनं गवत हाय का फेकाले?"

"मंग कोनाले देशीन?" बायनाबाई म्हणाली. "शेजारनीले देशीन तं ते कढीत टाकन."

कुणाला द्यायचं, हे संघप्रियाच्या डोक्यात तोवर ठरलं होतं. दवाखान्यात रक्ताच्या खोलीला लागून नवा हॉल बांधला होता, आणि मधली ती पोपड्यांची भिंत पाडून तिथे मोठी काच बसवली होती. पलंगावर पडलेल्या माणसाला आता काचेपलीकडचा हॉल दिसायचा. हॉलमधे काय दिसायचं? रिकाम्या खुर्च्या. तिथे ही टाकी असली तर? रक्त थेंबथेंब चढत असताना, कळ येत असताना, तिथल्या प्रत्येकाला मुठ्या दिसल्या तर?

तिनं ते मंगली सिस्टरला सांगितलं. मंगली एटापल्लीकडच्या माडिया घरातली, गावातली पहिली नर्स. संघप्रियाच्या हाताची शीर तिला डोळे मिटून सापडायची. तिनं ऐकून घेतलं, मोठ्या डॉक्टरांकडे गेली, आणि परत येऊन म्हणाली, "हो म्हनले. टाकी पेशंटच्या खोलीत नाई, हॉलमधेच. पन पावसाळ्याच्या आत त्यात काई दिसलं नाई, तं तिथी टीव्ही लावू म्हनते."

"टीव्ही?"

"दिवसभर सासू-सुनेचं भांडन चालू राहीन. तुले आवडते का?"

एप्रिलच्या सुरुवातीला संघप्रियानं एका वापरलेल्या टाकीत मिठाचं पाणी कालवून ती हॉलमधे मांडून दिली. पण नवं पाणी लगेच चालत नाही. लोणच्यासारखं ते मुरावं लागतं, त्यात न दिसणारे जीव रुजावे लागतात, तेव्हा कुठे प्रवाळ त्यात तग धरतो. म्हणजे उन्हाळाभर जास्तीच्या मुठ्यांना कुठेतरी ठेवणं आलं. आणि आपल्याकडचा उन्हाळा कसा, ते सांगायला नको. दुपारी कावळासुद्धा नळाखाली येऊन बसतो.

साहेबानं सांगितलेल्या वस्तूंची किंमत ऐकून तिनं फोनवरच हात जोडले. मग आपल्या पद्धतीनं सुरुवात केली.

मासळी बाजारात आंध्राचे मासे बर्फ घालून थर्माकोलच्या पेट्यांत येतात. मासे विकले की पेट्या उकिरड्यावर. त्यातल्या धड दोन तिनं आणल्या, सोड्यानं घासल्या, उन्हात वाळवल्या. एकीत प्लॅस्टिकचा टब बसवला, दुसरी पुढच्या प्रवासासाठी ठेवली. थर्माकोल ऊन बाहेर ठेवतो. बर्फ वाचतो तर समुद्र का वाचू नये? पाणी हलतं ठेवायला हवेचा छोटा पंप. मुठ्यांना बसायला चुनखडीचे तुकडे. सिमेंटच्या कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्यांतून ते सडकेवर सांडतच असतात. गावाच्या छातीत धूळ भरते, तेवढी गावाला खडी तरी मिळावी. तुकडे तिनं कितीदा तरी धुतले, भिजवले. एकदा तसाच एक तुकडा तळहातावर घेऊन ती बराच वेळ बसली होती. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ, असं साहेब म्हणाला होता. म्हणजे दगड आपल्या घरीच परत चालला होता. पाण्यात सोडला तेव्हा त्याच्यातून बुडबुड्यांची एक माळ निघाली.

उजेडाचं काम प्रफुलनं केलं. प्रफुल झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत लाइटमन. दिवाळी ते होळी गावोगाव नाटकं, आणि उन्हाळ्यात कंपनीचे दिवे पोत्यात. तो दोन निळे दिवे घेऊन आला.

"हे घे, बाई. चांदन्या रातीच्या सीनचे हायेत. याच्याखाली हिरो-हिरोइन गानं म्हन्ते."

"जळन तं नाई ना, भाऊ?"

"पाच सीजनमधी कंपनीच्या तीन हिरोइनी बदलल्या. लाइट हाय तोच हाय."

"वापस कवा पायजे?"

"दिवाळी झाली का घेऊन जातो. तवरिक तुह्या समुद्रावर राहू दे चांदनं."

दोरीनं त्यानं दिवे छताला टांगले, एक डोळा मिटून कोन पाहिला, पुन्हा थोडे वर घेतले. मग दार लावून घेतलं. भर दुपारी त्या कोंदट खोलीत चांदणं पडलं. संघप्रियानं मोठ्या टाकीतल्या मुठ्यांचे दगड, आणि सोबतीला थोडे टेकोडे, थोडी बटनं, एकेक करून टबात उतरवली. मोठ्या टाकीत मुठ्यांचा एकच दगड ठेवला, सगळ्यात जुना, साहेबाकडून आलेला. टबातल्या मुठ्या आधी रुसल्यासारख्या मिटून बसल्या. बायनाबाई पाटावर बसून पाहत होती. प्रफुल भिंतीला टेकून पाहत होता. आणि हळूच एक हात उघडला. त्याच्या शेजारचा. मग सगळं शिवार.

"पऱ्हे टाकल्यासारखं दिसून राह्यलं वो," बायनाबाई म्हणाली. धानाची रोपं आधी एका वाफ्यात दाट वाढवतात, मग उपटून बांधीत रोवतात. "इथून उपटायचे, तिथी रोवायचे."

"हो माय. गडचिरोलीत रोवना."

मग टब थंड ठेवायचा. बाटलीत पाणी गोठवून ती बाटली टबात तरंगत सोडायची, आणि कूलरचा वारा पाण्यावरून न्यायचा. वाऱ्यानं पाणी उडतं. मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून टबावर नखपॉलिशनं एक रेघ मारलेली. पाणी रेघेखाली गेलं की तेवढं साधं पाणी टाकायचं, कॅनमधलं, शुद्ध केलेलं. तेवढंच काम. ज्यांच्या जमिनीखालच्या कोळशावर अर्ध्या देशात दिवे लागतात त्यांच्याच घरची लाइट दुपारी जाते, तेव्हा मायलेकी पाळीपाळीनं पुठ्ठ्यानं टबाला वारा घालायच्या. त्या वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या उठायच्या आणि छतावर त्यांची सावली धावायची. बायनाबाई तशीच, हात हलवता हलवता, बसल्या जागी डुलक्या घ्यायची. टबातल्यांना ती पाहुणे म्हणू लागली होती. सकाळी उठली की आधी विचारायची, "पाहुने झोपले का बरोबर?"

मे महिन्यात संघप्रियाला दम नव्हता. गच्चीवर चढ, पत्र्यावर चढ, लोकांच्या शिव्या खा, दोन शिव्या परत दे. पाणी प्यायचं भान राहिलं नाही, आणि सिकलसेलच्या माणसानं तेवढंच भान ठेवायचं असतं. एका संध्याकाळी ती घरी आली ती भिंत धरून. गुडघे, पाठ, मनगटं. गोळी घेऊन मोठ्या टाकीसमोर सतरंजीवर पडली.

"माय, टबातलं पानी पाहत जाजो. रेघेखाली गेलं तं साधं पानी टाकजो."

"टाकतो वो. तू पड."

पुढचा सगळा वेळ तिच्यासाठी निळ्या धुक्यात गेला. टाकीत उरलेल्या त्या एकाच दगडावरचे हात उघडत होते, मिटत होते, आणि ती त्यांच्यामागे चालत होती. कधी वाटायचं आपण टाकीच्या आत आहोत आणि बाहेर कुणीतरी, काचेला नाक लावून, आपल्याकडे पाहून श्वास घेतंय. कधी आईचा हात कपाळावर यायचा, ओला आणि थंड. कधी दूरवर पाण्याचा आवाज. कुणीतरी पाणी ओतत होतं, अगदी जपून, पाहुण्यांच्या तांब्यात ओतावं तसं.

कळ ओसरली त्या दिवशी ऊन माथ्यावर होतं. ती उठली, भिंतीच्या आधारानं टबापाशी गेली.

मुठ्या लोंबत होत्या. ओल्या चिंध्यांसारख्या. काहींचा नुसता चिकट धागा उरला होता. बटनं घट्ट मिटलेली, टेकोडे आक्रसून नाण्याएवढे. पाण्याला नासल्याचा वास येत होता. हवेचा पंप चालू होता. बाटली थंड होती. पाणी बरोबर रेघेवर. काय चुकलं? तिनं आजूबाजूला पाहिलं, आणि टबाशेजारी पाटावर ठेवलेला गुंड, पाण्याचा लहान हंडा, तिला दिसला. बायनाबाईच्या माहेरचा, तांब्याचा, चिंचेनं लख्ख घासलेला.

"माय! टबात कोनतं पानी टाकलं?"

बायनाबाई चुलीपासून पदराला हात पुसत आली. "कॅन सरली होती, अन् कॅनवाला आला नाई. मंग गुंडातलं टाकलं. चांगलं पानी हाय ते, रातभर तांब्यात ठेवलेलं."

"कोनं सांगतलं तुले?"

"टीव्हीवर डॉक्टर तं सांगते, तांब्यातलं पानी..."

"मानसासाठी सांगते तो, मानसासाठी! यायले तांबं म्हन्जे जहर हाय, माय! जहर! अन् चिंचेनं घासलं वरून! मले उठवलं काऊन नाई?"

"तू कवा नाई ते झोपली होती," बायनाबाई म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "तुले कसं उठवू?"

संघप्रियाच्या तोंडात अजून पुष्कळ होतं. ते बाहेरही आलं असतं. पण बायनाबाईनं गुंड उचलला, परसात नेऊन पालथा घातला, आणि उन्हातच त्याच्याशेजारी बसली. घरात आलेल्या माणसाला ती त्याच गुंडातलं पाणी द्यायची. नळाचं पाणी तिनं पाहुण्याला कधी दिलं नव्हतं.

संघप्रियानं मग बडबड केली नाही, काम केलं. पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेला मिठाच्या पाण्याचा ड्रम होता, तो सगळा वापरला. दुकानात पाण्याच्या फिल्टरची कोरी नळी पडली होती. ती फोडली, आतल्या कोळशाची पुरचुंडी बांधली आणि टबात सोडली. तांबं कोळशात थोडं तरी ओढलं जातं. कपडा घेऊन विरघळलेलं सगळं निपटायला लागली, तर शेजारी दुसरे दोन हात आले. ऊन लागून तापलेले.

"हे ठेवू का फेकू?" बायनाबाईनं विचारलं.

"ते फेक. टेकोडे ठेव. बटनं ठेव. जगन ते."

"अन् मुठ्या?"

टबात एकही मूठ उरली नव्हती.

तिनं मंगलीला फोन लावला. "सिस्टर, टेकोडे हायेत, बटनं हायेत, पन आजारी पडले हायेत. मुठ्या गेल्या. थोडं थांबता येईन का?"

"बाई," मंगली म्हणाली, "टीव्हीवाला आजच भिंत मोजून गेला. मी सरायले सोमवारपर्यंत थांबवतो. त्याच्या पुढं माहं चालन असं वाटत नाई."

फोन ठेवून ती मोठ्या टाकीसमोर बसली. मुठ्यांचा जुना दगड तेवढा उरला होता. जास्तीचं द्यायचं ठरलं होतं. जास्तीचं द्यायला काय लागतं? उरलंसुरलं वाटून फोटो छापून आणणाऱ्यांना ती भर चौकात शिव्या घालायची. आता घरात जास्तीचं काहीच नव्हतं. होतं ते तिचं स्वतःचं, कळ आली की ज्याला धरून राहायचं ते.

बायनाबाई मागे उभी होती. "अर्धा काप ना. अर्धा ठेव, अर्धा दे."

"एवढ्या तपनीत कापला तं दोन्ही विरघळतीन."

"मंग तुले कळ आली तं?"

"तं मी पन तिथीच जातो ना रक्त घ्याले."

"रोज जातेस का?"

संघप्रिया काचेवर बोट टेकवून बसली. दारात कूलरवाला हाका मारून गेला. टाकीतले हात उघडत होते, मिटत होते. कुणाकडे जायचं, कुणाकडे राहायचं याची त्यांना काही फिकीर नव्हती. पोपडे निघालेली ती भिंत तिला आठवली, आणि तिच्यावर डोळे लावून काढलेली सगळी वर्षं. शेवटी ती उठली.

"माय, मोठी पिशवी दे. अन् पेटीचं झाकन पाय कुठी हाय."

सोमवारी पहाटेच्या एसटीनं ती निघाली. थर्माकोलची पेटी मांडीवर, आत दुहेरी पिशवीत दगड. चंद्रपूरला गाडी बदलली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"पेटीत काय हाय, बाई? मासे असन तं उतरा. मागच्या येळी एकीनं झिंगे आनले, चार दिवस गाडी वास मारत होती."

"समुद्र हाय."

"समुद्राचं लगेज लागते."

"लावा. पन आधी वजन करून सांगा, भाऊ, समुद्र कितीक किलो हाय ते."

गाडी हसली. शेजारच्या म्हातारीनं झाकणाला कान लावून पाहिलं आणि मान डोलावली, जणू तिला ऐकू आलं. कंडक्टरनं लगेज लावलं नाही. पण मूल गावापर्यंत तो तीनदा येऊन विचारून गेला, "बरा हाय का समुद्र?"

मूलच्या राइस मिलांचा कोंडा हवेत तरंगत होता. त्यातून ऊन असं आलं की सगळा रस्ताच पिवळ्या पाण्याखाली आहे असं वाटावं. संघप्रियाचे डोळे जड होत होते. गाडी डुलली की पेटीतलं पाणी डुलायचं, पाणी डुललं की तिचे हात. सावली गावाच्या पुढे धानाच्या कोरड्या बांध्या लांबवर पसरल्या होत्या, आणि तिला दिसलं की एकेका बांधीत हळूहळू पाणी चढतंय, खारं, निळं. बांध बुडताहेत, मोहाची झाडं पाण्याखाली फांद्या उघडताहेत, मिटताहेत, आणि बैलगाडीतून चाललेली माणसं वर मान करून एसटीच्या तळाकडे पाहताहेत. कुणालाच भीती वाटत नव्हती. वैनगंगेच्या पुलावर गाडीला गचका बसला आणि ती जागी झाली. खाली वाळूच वाळू, आणि मधून पाण्याची एक बारीक ओळ. तिनं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरलं.

दवाखान्यात मंगली दारातच उभी होती. दोघींनी मिळून पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग थोडंथोडं पाणी मिसळलं, मग दगड उतरवला. मुठ्या मिटलेल्या. नुसता एक फिकट गोळा. मोठे डॉक्टर येता येता थांबले.

"एवढंच? याच्यासाठी मी टीव्ही थांबवला?"

"सर, राजुऱ्याहून एसटीनं आले ते," मंगली म्हणाली. "तुम्ही एसटीनं आले असते तं तुम्हीही आडवे झाले असते."

डॉक्टर पुढे गेले. मंगलीनं संघप्रियाचे डोळे पाहिले, मनगट पाहिलं. "अन् तू पन आडवी हो. चेहरा पाय कसा झाला हळदीवानी. रक्त लावतो."

काचेजवळचा पलंग तिला मिळाला. सुई लागली, थेंब सुरू झाले. काचेपलीकडे दगड तसाच मिटलेला. शेजारच्या पलंगावर जंगलातल्या गावची एक बाई होती, बुधरी नावाची. तिचा नवरा लालसू उशाशी जमिनीवर बसलेला. बुधरीनं हात छातीशी आवळून धरला होता. मंगली तिला गोंडीत समजावत होती, मूठ मीट, उघड, म्हणजे शीर दिसेल. पण बुधरी हात सोडायला तयार नव्हती. आधी कुठेतरी कुणीतरी चार-चारदा टोचून तिला घाबरवलं होतं.

"बायको ऐकून नाई राह्यली," लालसू संघप्रियाला मराठीत म्हणाला, जणू माफी मागत होता. मग काचेकडे पाहून म्हणाला, "ते काय हाय बाई? झाड हाय का जनावर?"

"जनावर हाय, भाऊ. पन एका जागी राह्यते."

"आमच्यावानी," लालसू म्हणाला.

संघप्रियाला हसू आलं आणि त्याबरोबर झोपही. पापण्यांच्या फटीतून तिला दिसलं की दगडावर काहीतरी फुटतंय. एक हात. मिटला. पुन्हा उघडला, आता अंमळ जास्त. तिनं कुणाला हाक मारली नाही. आवाजानं परत मिटतील असं तिला उगाच वाटलं. बुधरीचंही लक्ष गेलं होतं. ती मान वळवून पाहत होती. दगडावरचे हात एकामागून एक जागे होत होते, आणि बुधरीनं स्वतःचा हात छातीवरून काढला, काचेच्या दिशेनं धरला, मूठ मिटली, उघडली. मिटली, उघडली. मंगलीनं तो हात अलगद आपल्या हातात घेतला आणि शीर शोधली.

दुपारी संघप्रियाच्या फोनवर आईचा फोन आला.

"उघडल्या का?"

"उघडल्या, माय."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "इथी टेकोडे पन थोडे फुगले. मी कॅनचंच पानी टाकून राह्यली, वास घेऊन पायतो आधी."

"बरं करतेस."

"तू जेवली का? जेवून घे. अन् संध्याकाळच्या गाडीनं ये. कूलरवाले सकाळपासून दारात बसून हायेत. मी त्यायले टबासमोर बसवून ठेवलं. कोनी उठून नाई राह्यलं."